फुटबॉलपटूची गुणपत्रिका कोण लिहितं?

२००९ साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या टिम टीबोला जी ट्रॉफी मिळाली, तीच २०१३ साली पेन स्टेटच्या जॉन अर्शेलला मिळाली. नाव विल्यम व्ही. कॅम्पबेल ट्रॉफी. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचा खेळ. त्यात कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला हाइझमन ट्रॉफी देतात आणि कॅम्पबेल ट्रॉफीला ‘अभ्यासातली हाइझमन’ म्हणतात. मैदान, वर्ग आणि नेतृत्व या तिन्हींत उजव्या ठरलेल्या शेवटच्या वर्षाच्या खेळाडूला ती १९९० पासून दिली जाते, आधी वेगळ्या नावाने. टीबोचा मुख्य विषय, तिकडच्या भाषेत मेजर, होता ‘कुटुंब, युवा आणि समाज’. अर्शेलचा गणित. टीबोचा जीपीए, म्हणजे सर्व विषयांतल्या श्रेणींची सरासरी, चारपैकी ३.६६. अर्शेलचा पूर्ण चार, तोही पदवी तीन वर्षांत उरकून चौथ्या वर्षी गणितातलीच मास्टर्स करताना. पुढे अर्शेलने एमआयटीतून पीएचडी केली आणि आता तो तिथेच गणित शिकवतो.

या दोघांना एका पंगतीला बसवायचं का?

पुरस्कारांचा मोसम आला की हा वाद उकरला जातो. एक ‘शैक्षणिक ऑल-अमेरिका’ संघही १९५२ पासून निवडला जातो. तो निवडतात कॉलेजांचेच क्रीडा-प्रसिद्धी अधिकारी. यादीत नावापुढे मेजर छापलेला असतो. इंजिनिअरिंग किंवा बायोकेमिस्ट्री दिसलं की वाहवा, आणि कम्युनिकेशन, स्पोर्ट मॅनेजमेंट, जनरल स्टडीज दिसलं की खुसखुस. मला ही खुसखुस पटत नाही. तिला उत्तर म्हणून ‘सगळे विषय सारखेच’ असं जे सांगितलं जातं, तेही पटत नाही. खेळाडूला पुरस्कार जरूर द्यावा; पण त्याच्या जोरावर स्वतःची पाठ थोपटून घेणाऱ्या कॉलेजने आधी त्या मेजरचा हिशेब द्यावा, असं माझं म्हणणं आहे.

खुसखुशीची सवय आपल्याला नवी नाही. दहावीला चांगले गुण पडले की सायन्स, त्याहून कमी पडले की कॉमर्स, आणि आर्ट्सला गेलेल्याला नातेवाईक ‘मग पुढे काय?’ विचारणार. न्यू जर्सीत किंवा बे एरियात पंचवीस वर्षं काढलेली मराठी मंडळीही ही उतरंड तिकडे घेऊन गेली आहेत. मुलगा इंजिनिअरिंगला, म्हणून त्याच्याच विद्यापीठातल्या फुटबॉल संघाचा मेजर हा घरातला विनोद. म्हणजे शनिवारी त्याच संघाची जर्सी घालून टीव्हीपुढे बसायचं, आणि सोमवारी त्याच पोरांच्या विषयावर हसायचं.

हसण्याला आधार अजिबात नाही असं मात्र नाही. अमेरिकन विद्यापीठांत रसायनशास्त्र, गणित, इंजिनिअरिंग या विभागांत गुण हात आखडून दिले जातात आणि इतर अनेक विभागांत सढळ हाताने, हे तिथल्या प्राध्यापकांना चांगलं माहीत आहे. प्रिन्स्टनने २००४ साली ‘ए’ श्रेणी साधारण ३५ टक्क्यांपर्यंतच द्यावी असं धोरण आणलं आणि २०१४ साली गुंडाळलं. डार्टमथ तर १९९० च्या दशकापासून गुणपत्रिकेवर विद्यार्थ्याच्या श्रेणीशेजारी त्या वर्गाची मध्यम श्रेणीही छापतं. कॉर्नेलने वर्गांच्या मध्यम श्रेणी संकेतस्थळावर टाकल्या, तर मुलं सैल गुण देणाऱ्या वर्गांकडे वळू लागली. ही मुलं काही फुटबॉल खेळणारी नव्हती. सोपी वाट दिसली की माणूस तिकडे वळतो, मग तो कुठल्याही खेळातला असो की नुसता ग्रंथालयात बसणारा. म्हणजे ३.६६ हा आकडा एकटा फार काही सांगत नाही हे खरं, आणि ते सगळ्याच विद्यार्थ्यांच्या बाबतीत खरं आहे.

पण फुटबॉलपटूंचे मेजर एकाच दिशेला झुकतात, ते केवळ विषय सोपे म्हणून, ही समजूत मला अर्धवट वाटते. माझ्या मते मोठं कारण घड्याळ आहे. खेळाडूंकडून आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त वेळ घ्यायचा नाही, असा एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेचा १९९१ पासूनचा नियम आहे. कागदावर वीसच. पण सामन्याचा अख्खा दिवस तीन तासांत धरला जातो. प्रवास त्यात येत नाही, दुखापतीवरचे उपचार येत नाहीत, आणि ‘ऐच्छिक’ व्यायामही येत नाही. हा व्यायाम ऐच्छिक असतो, पण न येणाऱ्याची नोंद कोचच्या डोक्यात होते.

प्रत्यक्षात किती तास जातात हे २०१४ साली अधिकृत कागदावर आलं. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी कामगार संघटना करायची परवानगी मागितली होती. राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या प्रादेशिक संचालकाने निकालात नोंदवलं की मोसमाआधीच्या सराव शिबिरात हे खेळाडू आठवड्याला ५० ते ६० तास आणि मोसमात ४० ते ५० तास फुटबॉलला देतात. सबब ते विद्यापीठाचे कर्मचारी आहेत. पुढे २०१५ मध्ये मुख्य मंडळाने अधिकारकक्षेचं कारण देऊन प्रकरणातून अंग काढून घेतलं, पण तासांची नोंद राहिली. त्याच निकालात त्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाली चालवणारा मुख्य खेळाडू, केन कोल्टर याची साक्ष आहे. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. दुसऱ्या वर्षी रसायनशास्त्राचा एक आवश्यक वर्ग घ्यायचा होता, पण तो सकाळच्या सरावाच्या वेळी येत होता. वर्ग उन्हाळ्यावर ढकलला गेला, बरोबरीची मुलं पुढे निघून गेली, आणि शेवटी कोल्टरने मेजर बदलून मानसशास्त्र घेतलं. समजा, कोल्टरला मानसशास्त्रात उत्तम गुणांसाठी शैक्षणिक पुरस्कार मिळाला असता, तर खुसखुस करणाऱ्यांनी म्हटलं असतं, ‘घेतला सोपा विषय.’ आणि विद्यापीठाने छायाचित्र छापून म्हटलं असतं, ‘पाहा, आमचे खेळाडू कसे शिकतात.’ दोघांपैकी कुणालाही रसायनशास्त्राचा तो वर्ग आठवला नसता.

एकदा घड्याळ लक्षात घेतलं की मेजरांची यादी वेगळी दिसू लागते. प्रयोगशाळेचा तास तीन-चार तासांचा, बहुधा दुपारचा. तो बुडवला तर बसमध्ये बसून भरून काढता येत नाही. नर्सिंगला रुग्णालयातली पाळी असते. शिक्षणशास्त्राला लोक सोपं समजतात, पण त्यात एक सत्र दिवसभर शाळेत उभं राहून शिकवावं लागतं, म्हणून मोसमात फुटबॉलपटूला तेही अवघड. गणिताला मात्र वही, पेन आणि डोकं पुरतं. मला तर असंही वाटतं की अर्शेल रसायनशास्त्राच्या नादी लागला असता, तर पेन स्टेटच्या मोसमात त्याची फरफट झाली असती. ही त्याच्या बुद्धीवर शंका नाही. अवघड विषय आणि फुटबॉलच्या वेळापत्रकात न बसणारा विषय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच.

शिवाय नियमच असे की एकदा घेतलेलं मेजर सोडवत नाही. २००३ पासूनच्या एनसीएएच्या नियमानुसार खेळाडूने दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के, तिसऱ्याअखेर ६० टक्के आणि चौथ्याअखेर ८० टक्के भाग पूर्ण केलेला असला पाहिजे, नाहीतर खेळता येत नाही. हेतू चांगला होता. पोरं चार वर्षं खेळून पदवीविना बाहेर पडत होती. पण एकोणिसाव्या वर्षी मन बदलणारा साधा विद्यार्थी इतिहासातून जीवशास्त्रात जाऊ शकतो, एखादं सत्र जास्त घालवतो, बस. फुटबॉलपटूने तसं केलं की टक्केवारी कोसळते. त्यामुळे सल्लागार पहिल्याच वर्षी त्याला अशा मेजरकडे नेतात जिथे काहीही झालं तरी टक्के भरतील. सल्लागार वाईट असतात असं नाही. त्यांची नोकरी खेळाडूला पात्र ठेवण्याची असते, आणि ती ते करतात.

उलट दिशेने पोहू पाहणाऱ्यांचं काय होतं, त्याची उदाहरणं जुनी आहेत. ओहायो स्टेटचा रॉबर्ट स्मिथ पहिल्याच वर्षी हजारावर यार्ड धावला होता. त्यालाही वैद्यकीय शिक्षणाकडे जायचं होतं. १९९१ साली तो संघ सोडून बाहेर पडला. प्रशिक्षक सरावासाठी वर्ग बुडवायला सांगतात, असा त्याचा आरोप होता. प्रशिक्षकांनी तो नाकारला. स्मिथ एक मोसम बाहेर बसला आणि मग परतला. फ्लोरिडा स्टेटचा मायरन रोल याचं मेजर व्यायामशास्त्र, म्हणजे ज्यावर हमखास हसतात त्यातलं. त्याने अडीच वर्षांत पदवी घेतली, २००८ मध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवली, ऑक्सफर्डला जाण्यासाठी फुटबॉलचं एक वर्ष सोडलं, आणि परतल्यावर एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत सहाव्या फेरीपर्यंत ताटकळला. पुढे तो मेंदूचा शल्यविशारद झाला. व्यायामशास्त्र पाहून हसणाऱ्याने रोलचं नाव आधी ऐकावं. आणि मॅट लायनर्टचंही ऐकावं. हाइझमन जिंकून २००५ मध्ये आणखी एक मोसम खेळायला थांबलेल्या या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या क्वार्टरबॅकला पदवीसाठी दोनच क्रेडिट कमी होते, म्हणून त्या सत्रात त्याने एकच वर्ग घेतला. बॉलरूम डान्सचा. दोन्ही उदाहरणं खरी आहेत, म्हणूनच मेजरच्या नावावरून माणूस जोखायचा उद्योग मला फोल वाटतो.

आता ऑबर्नची गोष्ट. या सगळ्या वादात मला तीच सर्वांत बोलकी वाटते.

२००४ चा मोसम. अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठाचा संघ एकही सामना हरला नव्हता. तिथल्या समाजशास्त्र विभागातले प्राध्यापक जेम्स गुंडलॅक घरी टीव्हीवर सामना पाहत होते. पडद्यावर एक ओळ झळकली: अमुक खेळाडूला समाजशास्त्रातल्या अभ्यासाबद्दल गौरवण्यात आलं आहे. गुंडलॅकना तो आपल्या वर्गात कधी बसलेला आठवेना. त्यांनी विभागातल्या सहकाऱ्यांना विचारलं, त्यांनाही आठवेना. शोध घेतल्यावर कळलं की विभागातला एकच प्राध्यापक ‘मार्गदर्शित वाचन’ या नावाखाली ढीगभर विद्यार्थ्यांना वर्गाविना क्रेडिट देत होता, आणि त्या अपराजित संघातले १८ खेळाडू त्यांत होते. २००६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी छापली. त्या सुमारास ऑबर्नचा फुटबॉल संघ एनसीएएच्या शैक्षणिक मोजणीत देशातल्या अगदी वरच्या संघांत गणला जात होता.

हे बिंग फुटलं ते शैक्षणिक गौरवामुळेच, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तो गौरव टीव्हीवर झळकला नसता, तर गुंडलॅकना शंका आली नसती. आणि समाजशास्त्र सोपं असतं म्हणून ते घडलं नाही. समाजशास्त्राच्या एका खऱ्याखुऱ्या प्राध्यापकानेच ते उघडं पाडलं, कारण आपल्या विषयात गौरव मिळवायला काय लागतं हे त्याला ठाऊक होतं.

नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिल विद्यापीठात हाच प्रकार १९९३ ते २०११ असा अठरा वर्षं चालला. आफ्रिकन आणि आफ्रिकन-अमेरिकन अभ्यास विभागात असे वर्ग होते जे कधी भरलेच नाहीत. शेवटी एक निबंध द्यायचा, आणि त्याला चांगली श्रेणी द्यायचं काम विभागाच्या कार्यालयातली प्रशासकीय कर्मचारी करायची. २०१४ मध्ये केनेथ वेनस्टीन यांचा चौकशी अहवाल आला. ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी असे वर्ग घेतले होते आणि त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू होते. उरलेले निम्मे साधे विद्यार्थी, हे वाक्य बातम्यांत फारसं मोठ्याने वाचलं गेलं नाही. २०१७ मध्ये एनसीएएने या वर्गांबद्दल विद्यापीठाला शिक्षा करता येत नाही असं ठरवलं, कारण हे वर्ग सगळ्यांनाच खुले होते. खेळाडूंना खास सवलत असती तर नियम मोडला असता. फसवणूक सर्वांसाठी समान असली की ती चालते, असा त्याचा अर्थ. या प्रकरणात सर्वांत जास्त बदनामी कुणाची झाली? त्या अभ्यासक्षेत्राची. कृष्णवर्णीयांचा इतिहास मनापासून शिकणारे-शिकवणारे देशभर आहेत, आणि त्यांना आजही कुजकट प्रश्न ऐकावा लागतो. फुटबॉल संघात कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण बाकीच्या वर्गांच्या मानाने कितीतरी जास्त असतं. मेजरवरच्या विनोदात हाही रंग मिसळलेला असतो, तो न दिसल्यासारखं करू नये.

मग या पुरस्कारांचा फायदा कुणाला? खेळाडूला थोडा. कॅम्पबेल ट्रॉफीच्या अंतिम यादीतल्यांना पदव्युत्तर शिष्यवृत्ती मिळते, आणि फुटबॉलनंतरच्या आयुष्यात ती ओळ कामाला येते. कॉलेजला पुष्कळ. शैक्षणिक मोजणीत संघ वर राहिला तर प्रशिक्षकांना बोनस मिळेल अशी कलमं त्यांच्या करारांत असतात. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एकमताने सांगितलं की शिक्षणाशी निगडित लाभांवर एनसीएए मर्यादा घालू शकत नाही. त्यानंतर कॉलेजं खेळाडूंना वर्षाला ५,९८० डॉलरपर्यंत ‘शैक्षणिक पुरस्कार’ देऊ लागली. कुठे त्यासाठी चांगले गुण लागतात, कुठे खेळायला पात्र राहिलं तरी पुरतं. पगाराला पुरस्कार म्हणायची ही युक्ती वकिलांना शोभते. तिच्यामुळे खऱ्या शैक्षणिक पुरस्काराची किंमत उतरते, याकडे कुणी लक्ष दिलेलं दिसत नाही.

काही जण म्हणतात, हे सोंग आता पुरे. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या खटल्यातल्या २०२५ च्या तडजोडीनंतर कॉलेजं खेळाडूंना उघडपणे पैसे देत आहेत, पहिल्या वर्षी एकेका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची मुभा दिली गेली. मग अभ्यासाचे पुरस्कार कशाला? मला नेमकं उलटं वाटतं. फुटबॉल ही नोकरी आहे हे मान्य केलं, तर नोकरी सांभाळून घेतलेल्या पदवीचं मोल वाढतं. गिरणगावात पाळी संपवून रात्रशाळेत बसणाऱ्या कामगाराला कुणी विचारलं नाही की विज्ञान का घेतलं नाहीस. रात्री जे विषय शिकवले जात, तेच तो शिकू शकत होता. टीबोच्या ३.६६ कडेही मी तसंच पाहतो. पेटन मॅनिंगने १९९७ मध्ये हीच ट्रॉफी घेतली तेव्हा भाषण-संवाद या विषयाची पदवी तो तीन वर्षांत पूर्ण करून बसला होता. तेही मी कमी लेखणार नाही. अर्शेलचं गणित मात्र वेगळ्या पातळीवरचं होतं, हे म्हणायलाही लाज वाटायचं कारण नाही. निवड समितीला तो फरक दिसत असणार. फक्त आकड्यावरून ती निवड करत नाही, किमान ३.२ जीपीए ही नुसती दाराची पायरी आहे.

मेजरनुसार गुण कमीजास्त धरावेत, गणिताला जास्त वजन आणि समाजशास्त्राला कमी, अशीही सूचना येते. ती मला घातक वाटते. वजनं ठरवणार कोण? चार वर्षांत तीच सल्लागार मंडळी वजनाचं कोष्टक पाठ करून पोरांना नव्या कोपऱ्यात ढकलतील. त्यापेक्षा डार्टमथची रीत बरी: गौरव झालेल्या खेळाडूच्या श्रेणीबरोबर त्या वर्गांची मध्यम श्रेणी जाहीर करा, आणि वाचणाऱ्याला ठरवू द्या. त्याहून महत्त्वाचं, ज्या कॉलेजला आपल्या खेळाडूसाठी शैक्षणिक पुरस्कार हवा आहे, त्याने अर्जासोबत संघाचा तक्ता जोडावा: किती जण कोणत्या मेजरमध्ये आहेत, पहिल्या वर्षी त्यांनी काय घ्यायचं म्हणून सांगितलं होतं आणि तिसऱ्या वर्षी ते कशात आहेत, किती क्रेडिट वर्गाविना मिळालेले आहेत. एखाद्या संघातले निम्मे खेळाडू एकाच विभागात असतील, आणि त्यांतले बरेच जण आधी जीवशास्त्र किंवा इंजिनिअरिंग मागत होते असं दिसलं, तर पुरस्कार खेळाडूला द्यावा आणि प्रश्न कुलगुरूंना विचारावा.

यावर विद्यापीठांचं उत्तर ठरलेलं आहे: १९७४ चा विद्यार्थी-गोपनीयतेचा कायदा आड येतो. तो कायदा एखाद्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका झाकतो, आणि ते योग्यच आहे. शंभरेक खेळाडूंचा बिननावाचा तक्ता झाकायला तो सांगत नाही. खेळाडूंचं मेजर तर कॉलेजं स्वतःच सामन्याच्या माहितीपुस्तिकेत उंची आणि वजनाशेजारी छापतात. तिथून ते उचलून मोजायला एका वार्ताहराची एक दुपार पुरते, आणि अमेरिकेतल्या काही वर्तमानपत्रांनी ते केलंही आहे. कॉलेजांनी स्वतःहून करावं असं म्हणणं म्हणजे फार मोठी मागणी नव्हे.